मुका डबा आणि त्याचा मालक

पहाटे पावणेसहाला आईचा फोन. माजलगावहून इतक्या लवकर फोन आला की आधी पोटात गोळा येतो, हे गाव सोडून राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. धडपडत उचलला तर आई म्हणते, "अरे, तुझ्या दादांचा डबा बोलंना गेलाय. काल संध्याकाळपासून. रात्रभर त्यांना झोप न्हाई, मला न्हाई."

हुश्श! एवढंच ना, म्हटलं. पाच मिनिटांचं काम आहे, संध्याकाळी करून देतो.

मंडळी, त्या पाच मिनिटांना अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत जे डोक्यात साचलं ते इथे ओततोय. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

डबा म्हणजे काय ते नव्या वाचकांसाठी सांगतो. बोललेलं ऐकून उत्तर देणारा स्मार्ट स्पीकर. आपल्याकडे अॅमेझॉनचा इको ऑक्टोबर २०१७ मध्ये आला, गूगल होम एप्रिल २०१८ मध्ये. आमच्या घरी यातला आहे की तिसऱ्याच कुणाचा, ते सांगत नाही, कारण माझं भांडण एका कंपनीशी नाहीच. ते सगळ्यांशी आहे, आणि थोडं माझ्याशीही आहे.

आमचे दादा (म्हणजे वडील) पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. काचबिंदूनं त्यांची नजर गेली त्याला आता चार वर्षं झाली. दिवस कसाही जातो हो, शेजारीपाजारी येतात, आई पेपर वाचून दाखवते. खरा प्रश्न रात्रीचा. ज्याला दिसत नाही त्याला मध्यरात्र आणि पहाट सारखीच. जाग आली की ते आईला हाक मारायचे, "किती वाजले गं?" ती बिचारी उठून दिवा लावायची, सांगायची, परत झोपायची. तासाभरानं पुन्हा तेच. पुढे पुढे दादांनी विचारणंच बंद केलं. तसेच जागे पडून राहायचे, कोंबडा आरवेपर्यंत. हे मला फार उशिरा कळलं.

मग दोन वर्षांपूर्वी मी तो डबा नेऊन ठेवला. त्याला मराठी येत नाही. दादांचं हिंदी म्हणजे आपलं मराठवाड्याचं हिंदी, पण डब्याला ते कळलं. रात्री अडीचला हळूच म्हणायचे, "टाइम क्या हुआ?" आणि तो सांगायचा. मागं वळून बघितलं तर गंमत वाटते. आजोबांच्या लहानपणी इथे निजामाचं राज्य, शाळेत उर्दू शिकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला. आणि आता त्यांच्या मुलाला म्हातारपणी वेळ विचारायला पुन्हा परकी भाषा! असो. दादांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. वेळ कळते, सकाळी हरिपाठ लागतो, बातम्या लागतात. कुणाला उठवावं लागत नाही, हे त्यांना सगळ्यात महत्त्वाचं होतं.

आता झालं काय? आमच्या गल्लीत फायबर आलं. जुनं इंटरनेट तांब्याच्या तारेवरचं होतं, पाऊस आला की जायचं. त्यामुळे मीच पुण्यात बसून नवं जोडणी घ्यायला सांगितलं. केबलवाल्याचा पोरगा आला, नवा राउटर भिंतीला ठोकला, जुना काढून आईच्या हातात दिला. "काकू, हिरवा लाइट लागला ना? झालं मग आपलं काम." त्याचं खरंच झालं होतं.

आतली भानगड अशी. हा डबा पहिल्यांदा लावताना फोनवरचं अॅप त्याला घरच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड सांगतं, आणि तो ते पाठ करून ठेवतो. नवा राउटर आला की नाव बदलतं, पासवर्ड बदलतो. डबा मात्र जुन्याच नावाला हाका मारत बसतो. त्याला पडदा नाही, बटणं दोन-चार, कुठेही नवं नाव टाकायची सोय नाही. त्याला नवी ओळख करून द्यायची तर तेच अॅप लागतं, अॅपमध्ये तेच खातं लागतं, आणि तो फोन त्याच खोलीत असावा लागतो.

खातं कुणाच्या नावावर? माझ्या. फोन कुठे? पुण्यात. डबा कुठे? माजलगावात. मध्ये एसटीचे सहा-सात तास.

पहिल्या दिवशी संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. आईच्या फोनवर अॅप घ्यायला गेलो तर म्हणे तुमचा फोन जुना आहे, यावर चालणार नाही. (फोन चार वर्षांचा. आमचा मिक्सर एकोणीस वर्षांचा आहे, त्याला अजून कुणी जुना म्हटलेलं नाही.) तिसऱ्या दिवशी शेजारच्या दहावीतल्या पोराला बोलावलं. त्याच्या फोनवर अॅप आलं. मग माझं खातं त्याच्या फोनवर उघडलं, ओटीपी माझ्याकडे आला, मी तो ओरडून सांगितला. अॅपनं ब्लूटूथ मागितलं, लोकेशन मागितलं. दिलं. मग म्हणे, डब्यावरचं बटण दाबून धरा आणि लाइटचा रंग बदलला की सोडा.

इथे क्षणभर थांबा मंडळी. ज्या वस्तूचा सगळ्यात मोठा उपयोग न दिसणाऱ्या माणसाला, ती आपलं दुखणं सांगते रंगीत दिव्यानं! दादांनी एकट्यानं हे करायचं ठरवलं असतं तर? डब्याला आवाज आहे. इंटरनेट नसतानाही "जोडता येत नाही" एवढं वाक्य तो बोलत होता. मग "आता बटण सोडा" हे वाक्य त्याच्या पोटात भरून ठेवायला काय धाड भरली होती?

असो. बटण सोडलं. आता डबा स्वतःचं एक तात्पुरतं वाय-फाय सोडतो, फोन त्याला जोडायचा. पोरानं फोन जोडला... आणि आमचा कॉल तुटला! बरोबरच आहे, कॉल त्याच फोनवर होता आणि त्या तात्पुरत्या वाय-फायला इंटरनेट नसतं. आता पुढच्या पायऱ्या सांगणार कोण? आईच्या फोनवर कॉल लावला, तोवर नव्या राउटरच्या पाठीवरचा पासवर्ड टाकायची वेळ आली. बारीक अक्षरात बारा-चौदा अक्षरांची खिचडी. त्यात शून्य कुठला आणि ओ कुठला, कॅपिटल आय कुठला आणि स्मॉल एल कुठला, ब्रह्मदेवालाही कळू नये. तीनदा चुकला. चौथ्यांदा पोराच्या ट्यूशनची वेळ झाली.

पाचव्या दिवशी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन. बाई अगदी गोड बोलल्या. "सर, ज्यांच्या नावाने खातं आहे त्यांनी आपला फोन डिव्हाइसजवळ न्यावा." म्हणजे मी माजलगावला जावं. खर्च काय, रजा काय, हा त्यांच्या कागदावरचा प्रश्नच नव्हता.

रोज रात्री फोनवर दादा शेवटी एकच विचारायचे. "ते गेलं का रे कायमचं?" मी म्हणायचो, नाही हो दादा, ठणठणीत आहे. मग ते गप्प. नवव्या दिवशी आईनं सांगितलं की ते पुन्हा तसेच जागे पडून राहतात, विचारत नाहीत.

उपाय सापडला तो ऑफिसातल्या एका मित्राकडून, चहाच्या टपरीवर. तो म्हणाला, "अरे, डब्याला कशाला हात लावतोस? राउटरचं नाव बदल ना!" नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायचा. अक्षर न् अक्षर तेच, कॅपिटल-स्मॉल तेच, मधली जागासुद्धा तीच. सुरक्षेचा प्रकारही जुनाच ठेवायचा. जुना डब्ल्यूपीए२ असेल तर नवा नुसत्या डब्ल्यूपीए३ वर ठेवायचा नाही, कारण डब्ल्यूपीए३ आलं २०१८ मध्ये आणि जुन्या कित्येक वस्तूंना ते कळत नाही. आणि २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू ठेवायचा. तो ५ गिगाहर्ट्झपेक्षा हळू, पण भिंती जास्त भेदतो, आणि स्वस्तातल्या बल्ब-प्लगांना तेवढाच येतो. एवढं केलं की घरातल्या सगळ्या वस्तूंना वाटतं, काही बदललंच नाही.

अकराव्या दिवशी केबलवाल्या पोराला विनवलं. तो आला, फोनवरून राउटरच्या पानावर गेला, मी सांगितलेलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला (सांगत नाही, हसाल). चार मिनिटं. राउटर बंद होऊन चालू झाला आणि डबा आपोआप जोडला गेला. मी फोनवर ऐकत होतो. दादा म्हणाले, "टाइम क्या हुआ?" उत्तर आलं. दादा काही बोलले नाहीत. आईच म्हणाली, "ठेवते आता, चहा टाकते."

गोड शेवट झाला ना? मग माझी कटकट कशाला?

कटकट ही, की अकरा दिवस त्या डब्यात काहीही बिघडलेलं नव्हतं. वीज होती, इंटरनेट होतं, पैसे भरलेले होते, वस्तू धडधाकट होती आणि वापरणारा माणूस तिच्यापासून दोन हातांवर होता. कमी होतं ते एकच. त्या वस्तूशी बोलायचा अधिकार त्या घरात कुणाकडेच नव्हता. तो तीनशे किलोमीटरवर माझ्या खिशात होता. याला मी बिघाड म्हणणार नाही. वस्तू मुळात तशीच बनवलेली आहे.

दादांनी हे माझ्यापेक्षा नीट सांगितलं. आमच्या माजलगावच्या धरणात सिंदफणेचं पाणी येतं, शिवाय पैठणच्या नाथसागरातून उजव्या कालव्यानंही येतं. दादा म्हणाले, "पाणी पैठणहून आलं तरी चारीचं गेट इथला माणूस उघडतो. गेटची चावी पैठणला ठेवली असती तर पिकं वाळली असती रे." इंटरनेटचंही तेच आहे. पाणी लांबून येऊ दे, माझी हरकत नाही. चावी मात्र इथे हवी.

आता मला माहितीये कोण काय म्हणणार.

आमचे मामा म्हणणार (हे वाचतातच, नमस्कार मामा!), "तरी म्हटलं होतं, साधा रेडिओ घेऊन दे." मामा, रेडिओलाही एकेकाळी परवाना लागायचा. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे, पुस्तकावर नोंद करून घ्यायची. ऐंशीच्या दशकात ते गेलं. पण तो परवाना उघड होता, छापील होता, घरमालकाच्या नावावर होता. आणि एकदा पैसे भरले की बटण फिरवणारा हात कुणाचा आहे हे रेडिओ विचारत नसे. आजचा परवाना दिसत नाही, एवढाच फरक. शिवाय मामा, रेडिओ रात्री अडीचला विचारल्यावर वेळ सांगत नाही. दादांना डबा नको असं नाहीये. त्यांना तो स्वतःचा हवा आहे.

आमचे तंत्रज्ञ ब्लॉगर मित्र म्हणणार, "अरे, हे सुरक्षेसाठी आहे. कुणीही येऊन बटण दाबून डबा आपल्या वाय-फायला जोडला तर?" मुद्दा खोटा नाही. बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएस ही सोय २००६ पासून राउटरवर होती, आणि तिच्यातल्या पिनच्या पद्धतीत मोठं भगदाड असल्याचं डिसेंबर २०११ मध्ये उघड झालं. म्हणजे सोपं ते सुरक्षित असतंच असं नाही, कबूल. पण दोन गोष्टी बघा. एक, डब्याला वाय-फाय सांगणं आणि माझ्या खात्यातली खरेदी, कार्ड, जुनी संभाषणं उघडणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला घरात हजर असणं पुरे, दुसऱ्याला पासवर्ड लागू दे. कंपन्यांनी दोन्हींना एकच कुलूप लावलं. दोन, त्या एका कुलपापायी झालं काय? मी माझं अख्खं खातं, ओटीपीसकट, शेजारच्या दहावीतल्या पोराच्या फोनवर उघडून दिलं! पोरगा सज्जन आहे म्हणून बरं. सुरक्षेच्या नावाखाली माणसाला असा सगळ्यात असुरक्षित मार्ग घ्यायला लावणारी व्यवस्था कसली सुरक्षित?

आणि दुसरी वाटच नाही असंही नाही. वाय-फाय अलायन्सनं, म्हणजे वाय-फायचे नियम ठरवणाऱ्या कंपन्यांच्या संघानं, २०१८ मध्येच 'ईझी कनेक्ट' आणलं. ज्या वस्तूंना पडदा नाही त्यांच्या अंगावरचा क्यूआर कोड वाचून त्यांना घरच्या जाळ्यात घ्यायचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'मॅटर' नावाचं मानक आलं, त्यात घरातलं एकच उपकरण एकाहून अधिक अॅपांच्या ताब्यात देता येतं. म्हणजे चावीच्या दोन प्रती काढता येतात हे या लोकांना माहीत आहे. तरी आमच्या घरी चावी एकच, आणि तीही पुण्यात.

तिसरे म्हणणार, "एवढंसं तर आहे, त्यावर पोस्ट कसली?" मित्रांनो, एवढंसं म्हणून सोडलं की काय होतं ते बघा. रिव्हॉल्व नावाच्या कंपनीचा घरातली उपकरणं चालवणारा हब अमेरिकेत साधारण तीनशे डॉलरला मिळायचा. नेस्टनं ती कंपनी २०१४ मध्ये घेतली आणि मे २०१६ मध्ये त्या हबची सेवाच बंद केली. लोकांच्या घरात पैसे मोजून आणलेली वस्तू, आणि एका दिवशी ती नुसतं प्लास्टिक. आमचे अकरा दिवस त्याच वाटेवरचे आहेत. तिथे चावी कंपनीनं फेकली, इथे ती दुसऱ्या गावात राहिली. घरातल्या माणसाला दोन्हीत सारखंच वाटतं.

सरकारांना हे कळत नाही असंही नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, इंटरनेटला जोडायच्या घरगुती वस्तूला सुरक्षेच्या सुधारणा किमान किती काळ मिळतील हे गिऱ्हाइकाला सांगणं कायद्यानं बंधनकारक आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही काढलं. आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं, अॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आणि एक दृष्टिहीन अर्जदार यांच्या याचिकांवर, डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. ते प्रकरण केवायसीचं होतं, डब्याचं नव्हे. पण बँकेनं डोळे मिचकावायला सांगणं आणि डब्यानं दिव्याचा रंग बघायला सांगणं, यात मला फारसा फरक दिसत नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत. वस्तूला नवं वाय-फाय सांगायला घरात हजर असणं पुरावं, दूरचं खातं लागू नये. जोडणीची प्रत्येक पायरी वस्तूनं तोंडानं सांगावी. आणि राउटर बदलणार असाल तर जुनं नाव-पासवर्ड ठेवा, हे एक वाक्य खोक्यावर, माहितीपत्रकात, मदतकेंद्रातल्या बाईंच्या कागदावर छापावं. त्या एका वाक्यानं आमचे अकरा दिवस वाचले असते.

आता शेवटचं, आणि हे आपल्यासाठी. पुण्या-मुंबईला, परदेशात राहणाऱ्या मुलामुलींसाठी.

कंपनीनं चावी एकच दिली, खरं. पण ती आपल्या खिशात घालून गावाहून निघालो ते आपण. तपासून बघा. घरच्या गॅसचा नंबर कुणाच्या मोबाइलवर? डिशचं रिचार्ज कोण करतं? लाइट बिलाचा मेसेज कुणाला येतो? आमच्या घरी सगळ्याचं उत्तर 'मी'. आम्हाला वाटतं आपण आईवडिलांचा त्रास वाचवतोय. वाचवतोही. पण हळूहळू ते आपल्याच घरात भाडेकरू होतात आणि आपण परगावी बसलेले घरमालक. ज्या माणसानं तीस वर्षं अख्ख्या शिवाराच्या पाण्याच्या पाळ्या लावल्या, त्याला स्वतःच्या उशाशी ठेवलेल्या वस्तूसाठी मुलाच्या रजेची वाट बघावी लागली. हे डब्यानं केलं तेवढंच मीही केलं.

म्हणून गेल्या आठवड्यात जाऊन आलो. आईला नवा फोन घेतला, तिच्या नंबरवर तिच्या नावाचं खातं काढलं, डबा त्यात घेतला. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. जोडणी कशी करायची ते आईकडून दोनदा करून घेतलं. पहिल्यांदा पंचवीस मिनिटं लागली, दुसऱ्यांदा नऊ. दादा पलंगावर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "दिव्याचा रंग कोणता ते मला सांगत जा, बटण मी दाबतो."

तुमच्या घरीही असा एखादा डबा असेल. या दिवाळीला गावी जाल तेव्हा फराळाबरोबर एवढं काम करून या. आणि मामा, रेडिओचा वाद आपण समोरासमोरच मिटवू.